तारामतीच्या मिशा

दादासाहेब फाळके दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ काढत होते तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. सिनेमात दिसणं तेव्हा बेअब्रूचं समजलं जाई. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेला पडले आणि हरिश्चंद्राची राणी झाले. मग अडलं मिशांवर. वडील हयात असताना मिशी उतरवायची म्हणजे काय, असा स्त्रीपार्टी नटांचा सवाल होता आणि त्यांची समजूत घालता घालता फाळक्यांच्या नाकी नऊ आले, असं सांगतात. चित्रपट १९१३च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी रामाचंही काम केलं आणि सीतेचंही!

सहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. मिशीवाली तारामती डोळ्यांपुढे आली की मूल हसणारच. हसू ओसरलं की प्रश्न येतो, ‘पण बायका का नव्हत्या येत?’ या प्रश्नासाठीच सगळी खटपट आहे. इतिहास शिकवणाऱ्या मोठमोठ्या पुस्तकांना जो प्रश्न मुलाच्या तोंडून वदवून घेता येत नाही, तो एका खऱ्या, गमतीदार तपशिलाने आपोआप येतो. आणि हे सगळं घडलं ते मुंबईतल्या आपल्या नायगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आज ज्याला आपण दादासाहेब फाळके रोड म्हणतो त्या रस्त्यावर.

लहान मुलांना इतिहासाची गोडी लावायची तर विनोदी चित्रपुस्तकांइतकं चांगलं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. पण पुस्तक निवडायचं कसं, वाचायचं कसं आणि हवं तसं मिळालं नाही तर काय करायचं, हे आईबाबा, आजीआजोबा आणि बालवाडीच्या ताई नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख.

निवड करताना

पहिली कसोटी अशी, की हसू खऱ्या तपशिलातून यायला हवं. अमेरिकेत जीन फ्रिट्झ नावाच्या लेखिकेने हे फार सुरेख करून दाखवलं. मिशनरी आईबाबांच्या पोटी त्या चीनमध्ये जन्मल्या, तिथेच वाढल्या आणि पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांवर मुलांसाठी छोटी छोटी सचित्र पुस्तकं लिहू लागल्या. पॉल रिव्हिअरवरचं त्यांचं पुस्तक १९७३चं. १७७५च्या एप्रिलमध्ये इंग्रज सैन्य निघाल्याची खबर द्यायला रात्री घोडा फेकत गेलेला हा माणूस तिथल्या पाठ्यपुस्तकांत पुतळ्यासारखा ताठ उभा असतो. फ्रिट्झबाईंनी त्याची घाई दाखवली. निघताना तो टाचेच्या आऱ्या घरीच विसरतो, नावेच्या वल्ह्यांचा आवाज दबावा म्हणून लागणारं फडकंही विसरतो. मूल हसतं, कारण शाळेची बस आलेली असताना वॉटरबॅग विसरणं त्याच्याही ओळखीचं असतं. फ्रिट्झबाईंचा नेम असा, की माणसांच्या तोंडी मनचे संवाद घालायचे नाहीत. गंमत शोधायची ती कागदपत्रांत आणि सांगोवांगीच्या आठवणींत.

आपल्याकडे बाजारात याच्या नेमकं उलट चालतं. ऐतिहासिक व्यक्तीला मोठं नाक, मोठं पोट, तिरळे डोळे दिले आणि चार कोट्या केल्या की झालं विनोदी पुस्तक! अशा पुस्तकातून मुलाच्या हाती काही लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या एक करून बघा. कुठलंही पान उघडा आणि त्यातली गंमत त्या काळाची आहे का, हे पाहा. दुसऱ्या कुठल्याही राजाचं नाव घातलं तरी तोच विनोद तसाच चालत असेल, तर पुस्तक परत ठेवा.

आता मराठीत काय मिळतं ते बघू. अगदी लहानांसाठीची, विनोदी आणि ऐतिहासिक अशी चित्रपुस्तकं मराठीत फार थोडी आहेत. अनंत पै यांनी १९६७मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेने कित्येक पिढ्यांना इतिहासाची तोंडओळख करून दिली. ती मराठीतही निघाली. पण तिचा बाज वीररसाचा. फुग्यांमधला मजकूर पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही आणि नायक सहसा चुकत नाहीत, म्हणून हसण्याला जागाही कमीच. दुसरी-तिसरीपासून पुढे ती जरूर द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. मराठीतल्या नामवंत चित्रकारांनी त्यांत चित्रं काढली आहेत. ते चाळून ऐतिहासिक गोष्टी निवडून ठेवल्या तर वर्षभराची बेगमी होते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. तिथे पायऱ्या दिलेल्या असतात. पहिली-दुसरी पायरी लहानांसाठी, पुढच्या मोठ्यांसाठी. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं इतिहासाची नसली तरी चित्र कसं बोलतं हे मुलाला आधी कळावं म्हणून घरात असावीत. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतल्या घरात, स्वयंपाकघरात, माणसांच्या उभं राहण्यात किती बघण्यासारखं असतं! चित्र वाचायची सवय तिथे लागली की मूल इतिहासाचं चित्रही तशाच डोळ्यांनी वाचतं.

विनोदाने अभ्यासाचं गांभीर्य जातं, असं ज्यांना वाटतं त्यांना शि. द. फडणीस यांची आठवण करून द्यावी. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी हसरी चित्रं काढली आणि मुलं गणिताचं पुस्तक चाळू लागली. जे गणिताला चाललं, ते इतिहासाला का नाही चालणार?

ज्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत आणि इंग्रजी वाचतात, त्यांनी टेरी डिअरी यांची १९९३पासून निघालेली ‘हॉरिबल हिस्टरीज’ जरूर बघावीत. मात्र त्यांत रक्तामांसाचा मसाला बराच आहे. झोपायच्या आधी ती नकोत, आणि धाकटी भावंडं शेजारी असताना तर नकोतच. गोसिनी आणि उदेर्झो यांचा ॲस्टेरिक्स हा इतिहास नव्हे, पण रोमन सैन्याचा तळ, त्यांचे रस्ते, त्यांची शिस्त मुलाच्या डोक्यात त्याने जितकी पक्की बसते तितकी क्वचितच कशाने बसत असेल.

हसू कुणाच्या अंगावर पडतं?

ही दुसरी कसोटी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे इतिहासातली माणसं दैवतासारखी. शिवाजी महाराज, बाबासाहेब, सावित्रीबाई ही नावं निघाली की आवाज आपोआप खाली येतो, आणि विनोदी पुस्तक म्हटलं की पालक दचकतात. दचकण्याचं कारण नाही. फक्त त्या पानावर हसं कुणाचं होतंय ते बघायचं.

आग्र्याहून सुटका घ्या. १६६६च्या ऑगस्टमधली. महाराज आजारी पडल्याचं सोंग, दान म्हणून रोज बाहेर जाणारे मेवामिठाईचे पेटारे, फुलादखानाचे पहारेकरी. सुरुवातीला हे पहारेकरी पेटारे उघडून बघत, मग कंटाळले. एक दिवस पेटाऱ्यांतून मिठाईऐवजी महाराज आणि संभाजीराजे गेले. इकडे हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन, हात तेवढा बाहेर ठेवून पलंगावर पडलेला. सभासदाच्या बखरीत ही हकिगत आहे. यात सोंग, फजिती, लपाछपी सगळं आहे आणि हसं होतं ते पहारेकऱ्यांचं. बादशहाची एवढी मोठी सत्ता मिठाईच्या पेटाऱ्यापुढे हरते! इथे मुलांना पोट धरून हसू द्या. महाराजांचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही, उलट त्यांची अक्कलहुशारी मुलाला कायमची कळते. चित्रकाराने पहारेकऱ्याची जांभई नीट काढली असेल तर ते पुस्तक विकत घ्याच.

सावित्रीबाईंच्या गोष्टीत जास्त जपावं लागतं. १८४८मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण, चिखल पडायचा म्हणून त्या जादा साडी जवळ ठेवत. शेण हा शब्द ऐकला की पाच वर्षांची मुलं खिदळतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण बाईंच्या माखलेल्या साडीवर विनोद करणारं पान असेल तर ते पुस्तक घरात आणू नका. तेच चित्र फेकणाऱ्यांवर काढता येतं. त्यांचं शेण संपतं, त्यांचे हात घाण होतात, आणि बाई साडी बदलून वर्गात पोचलेल्या असतात. हसायला तितकंच येतं, फक्त आता मूल हसतं ते शेण फेकणाऱ्यांना. आणि हो, सावित्रीबाईंचा जन्म नायगावचा, हे ऐकल्यावर इथली मुलं ‘आपल्या नायगावचा?’ म्हणून उसळतात. त्यांना लगेच नकाशा दाखवा. ते नायगाव साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातलं. दोन्ही नायगावांवर बोट ठेवलेलं मूल ती गोष्ट विसरत नाही.

काही गोष्टी मात्र विनोदी करायच्याच नाहीत. लहानग्या भीमरावाला प्रवासात पाणी मिळालं नाही, गाडीवान मिळाला नाही, ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यात कोटी शोधू नये. ती सांगायची तर ‘भीमायन’सारखं पुस्तक जवळ ठेवावं. २०११मध्ये आलेल्या या पुस्तकाची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी काढली आहेत. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! मजकूर मोठ्यांसाठी आहे, तो बाजूला ठेवून नुसते फुगे दाखवले तरी सहा-सात वर्षांचं मूल सांगतं की इथे कुणी कुणाला दुखावलं. नायगावात हे सांगायला आणखी एक कारण आहे. १९३६च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केलं ते इथे, नायगावच्या परिषदेत. मूल थोडं मोठं झालं की त्याला हे कळलंच पाहिजे.

वाचून दाखवताना

पान उलटण्याआधी थांबा. विनोद पान उलटण्यात असतो. पेटारा डाव्या पानावर, आणि आत काय ते उजवीकडच्या पानामागे. तिथे मुलाला बोलू द्या, चुकू द्या. हसून झाल्यावर ‘बघ, म्हणजे यातून काय शिकायचं?’ असं विचारायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. समजावून सांगितलेला विनोद मेलेला असतो, आणि त्याच्यामागे शिकवणूक आली की पुढच्या वेळी मूल पुस्तक बघूनच पळतं.

सन सांगा, पण त्याची अपेक्षा ठेवू नका. पाच वर्षांच्या मुलाला ‘परवा’ आणि ‘खूप पूर्वी’ एकाच अंतरावर असतात. त्याला काळ समजतो तो माणसांतून. आजी लहान होती तेव्हा, आजीची आजी लहान होती तेव्हा, आणि त्याच्याही आधी. घरातल्या भिंतीला एक सुतळी बांधून तिच्यावर चिमट्याने चित्रं लावा. मुलाचा फोटो, आईचा, आजीचा, मग ट्रामचं चित्र, मग फाळक्यांचा कॅमेरा, मग बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली १८५३ची आगगाडी, मग खूप लांब महाराजांचा पेटारा. नवं पुस्तक वाचलं की एक चिमटा वाढतो. मुंबईत ट्राम १९६४पर्यंत धावत होती, म्हणजे ती आजीच्या फोटोजवळच लागते, आणि ‘आजी, तू बसलीस ट्राममध्ये?’ हा प्रश्न तिथेच सुटतो.

एक खेळ मुलांना फार आवडतो, चित्रातली चूक पकडण्याचा. मावळ्यांच्या पंगतीत वडापाव दाखवा आणि विचारा, ‘मिळाला असेल का?’ वडापावचा जन्म दादर स्टेशनबाहेरचा, १९६६च्या सुमाराचा, असं सांगतात. मावळ्यांच्या हाती तो कुठून येणार? मिरची मात्र चालेल, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आधीच आली होती. दरबारात मनगटी घड्याळ, गडावर प्लास्टिकची बादली, असं काही आपणच चित्रात पेन्सिलीने घुसडावं. हसता हसता मुलाला सवय लागते की प्रत्येक वस्तू कधीतरी पहिल्यांदा आलेली असते. अशी मुलं पुढे छापील पुस्तकांतल्या चुकाही काढू लागतात. काढू द्या.

‘हे खरंच झालं होतं?’ असं मूल विचारेल तेव्हा खरं उत्तर द्या. सिंहगडावर घोरपडीला दोर बांधून चढल्याची गोष्ट पोवाड्यांतून आली. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. तानाजी मालुसरे १६७०मध्ये सिंहगड घेताना पडले हे मात्र पक्कं. मुलाला दोन्ही सांगता येतं. घोरपडीच्या पानावर बसून मनसोक्त हसावं आणि मग म्हणावं, ‘ही लोकांनी रंगवलेली गोष्ट, आणि ही घडलेली.’ चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शाळेत येतोच. त्याआधी हा फरक कानावर पडलेला असेल तर पाठ्यपुस्तक वाचतानाही त्याचे डोळे उघडे राहतात.

पुस्तक नसेल तर करा

आपल्या भागावरचं विनोदी चित्रपुस्तक दुकानात मिळणार नाही. ते घरी करावं, आणि आत्ताच करावं, कारण नायगावच्या बीडीडी चाळींचे मजले उतरताहेत आणि टॉवर चढताहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या ४२ नायगावात. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. हे आकडे मुलाला सांगून काही होत नाही. जमिनीवर खडूने दहा फूट बाय सोळा फुटांचा चौकोन आखा आणि त्यात घरातल्या, शेजारच्या सगळ्यांना झोपवा. गिरणीच्या पाळीवरून येणारे काका, गावाहून आलेला मामा, मोरीजवळ उशाला पाट घेतलेली आजी, दरवाज्याबाहेर गॅलरीत पथारी पसरलेली तरणी पोरं. मुलं लोळून हसतात, आणि १६० चौरस फूट म्हणजे काय ते त्यांच्या पाठीला कळतं.

हेच पुस्तकात उतरवायचं. ड्रॉइंगचा एक कागद आधी उभा, मग आडवा दुमडत आठ चौकोन पाडा. उघडून मधोमध आडवा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेघेवर पहिल्या घडीपर्यंत कात्री चालवा. कागद लांबट दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की आठ पानांची पुस्तिका तयार होते, ना स्टेपलर ना डिंक.

मजकूर आजीआजोबांकडून घ्यायचा, पण प्रश्न बारीक विचारायचे. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ याला उत्तर येतं ते ‘फार चांगलं होतं’ किंवा ‘फार हाल होते’, आणि त्याचं चित्र निघत नाही. ‘कोण कुठे झोपायचं?’ ‘नळाला पाणी किती वाजता यायचं आणि रांगेत कुणाची बादली पुढे घुसायची?’ ‘भोंगा झाला की आधी कोण उठायचं?’ ‘टीव्ही पहिल्यांदा कुणाकडे आला आणि त्या खोलीत किती जण मावले?’ यातल्या एकेका उत्तराचं एक पान होतं. गिरणी संपाची, १९८२ची गोष्ट निघाली आणि आजोबा गप्प झाले तर त्या पानावर विनोद नको. त्या पानावर नुसती बंद गिरणी काढली तरी पुरे. हसऱ्या पुस्तकात एक पान गंभीर असलं तर बिघडत नाही.

तपशील पडताळायचा तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आपल्या नायगावातच आहे. संस्था १८९८ची. तिथे जाणं मोठ्यांचं काम. गोविंद नारायण माडगांवकरांचं १८६३चं ‘मुंबईचे वर्णन’ एकदा तरी वाचावं. मुलांना सांगण्याजोग्या गमती त्यात ठासून भरल्या आहेत. मुंबई इंग्रजांच्या राजाला लग्नात आंदण मिळाली आणि १६६८मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, एवढ्या एका गोष्टीवर पुस्तिका होते. शेवटच्या पानावर आजचं खोलीचं भाडं लिहायचं.

मुलांना घेऊन जायचं ते भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. बुधवार सोडून जा, त्या दिवशी ते बंद असतं. १८७२मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात मातीची इवलीशी माणसं आहेत, त्या काळचे व्यवसाय करणारी, पागोटी बांधलेली. मुलांना सगळं बघायला लावू नका. एकच बाहुला निवडू द्या आणि तो काय बोलत असेल ते लिहून घ्या. बाहेर आवारात काळा घोडाही आहे. राजा एडवर्डचा हा पुतळा १९६५मध्ये फोर्टातून इथे आणला, पण तिकडच्या जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. घोडा भायखळ्याला आणि नाव फोर्टात. पुढे २०१७मध्ये तिथे स्वाराविनाच दुसरा घोडा बसवला. पुस्तिकेच्या आठ पानांना ही गोष्ट अगदी बेताची आहे. मजकूर एका पानाला एका ओळीहून जास्त नको.

पुस्तिका झाली की आजीआजोबांना वाचून दाखवा. हमखास वाद होतो. आजी म्हणते पाणी चारला यायचं, आजोबा म्हणतात साडेपाचला. कोण बरोबर ते मुलाने ठरवू नये. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन्ही चित्रं काढावीत, एकात अंधारात बादली घेऊन निघालेली आजी, दुसऱ्यात उजाडल्यावर डोळे चोळणारे आजोबा, आणि खाली लिहावं, ‘आजीने सांगितलं’, ‘आजोबांनी सांगितलं’.